चिलखताची आतली बाजू

रविवार, संध्याकाळ. हुडको कॉलनी.

राग उतरत नाही म्हणून लिहून राहिली.

आज फॅन कन्व्हेन्शनच्या पोशाख स्पर्धेत स्टेजवर जायची माझी बारी आली. मी चिलखत अंगातून काढलं आणि परीक्षकांपुढे उलटं धरलं. जुनी सवय. आधी आम्ही वीसेक पोरंपोरी समाज भवनात कॉस्प्ले करत होतो, सिनेमा-कॉमिकमधल्या पात्रांचे पोशाख स्वतः बनवून घालत होतो, तेव्हा नियमच होता, पोशाख आतून दाखवायचा. टाके, डिंकाचे डाग, कुठं फसलं, सगळं. कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी कोणाले आठवत नव्हतं.

आज निवेदक माइकवर म्हणाला, "मैडम, प्राइस टैग दिखा रही हैं क्या?" अख्खा हॉल हसला. पहिला नंबर ऑनलाइन मागवलेल्या पोशाखाले. पार्सलच्या घड्याही मोडल्या नव्हत्या त्याच्या. विकत घेतला म्हणून राग नाही, घ्या ना. पण आतून कावून पाहत नाही कोणी?

माझ्या चिलखताच्या आत बाबांचं अक्षर आहे. पिवळ्या खडूनं, 'डावा खांदा'. प्लांटमधून रिटायर झाले तरी खूण केल्याशिवाय काही कापत नाहीत. दोन महिने चिलखतासाठी योगा मॅट कापत बसले माझ्यासंगं.

दारातच विचारलं त्यांनी, "आतून दाखवलं का?"

"हो."

"काय म्हणाले मग?"

"काम साफ आहे म्हणाले."

खोटं बोलली. कावून बोलली?

बाबा लाजून हसले. आता मागच्या खोलीत नवी मॅट पसरून, पुढच्या वर्षीसाठी पिवळ्या खडूनं खुणा करून राहिले.