नाम आणि सर्वनाम

विजय नगर, इंदूर
५ जानेवारी २०२५

चि. मैत्रीस,
आत्याचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

मोबाइलवर लिहिलं की धम्मपाल वाचतो, म्हणून हे पत्र. त्याने ऑफिसातली कयल पसंत केली आहे. मुलगी कोइमतूरची, हिंदी जेमतेम, मराठीच्या नावाने शून्य. महिनाअखेरीस जेवायला येणार आहे. चिरंजीव म्हणतात, आई, तू बोल, मी इंग्रजी करून सांगतो. सुनेशी पहिलं बोलणं दलालामार्फत करायला मी काय हातोदच्या मंडीत गहू विकायला बसलेय? हे घर तुझंही आहे, एवढं मला माझ्याच तोंडाने तिला सांगायचं आहे.

तू नागपुरात पोरांना इंग्रजी शिकवतेस, आता आत्याला शिकव. तुझे आजोबा महूच्या पलटणीत होते, मी मागे हटणार नाही. नमुना पाठवते: आय पोहे मेक.

तुझी,
यशोधराआत्या

नागपूर
१२ जानेवारी

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

पोहे छान, क्रियापद चुकीच्या जागी. आपल्याकडे ते शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ: आय मेक पोहे. नाम म्हणजे नाऊन, सर्वनाम म्हणजे प्रोनाऊन. मी म्हणजे आय, आम्ही म्हणजे वी. आपण म्हणजेही वीच. वाद घालू नकोस, पाठ कर.

तुझी,
मैत्री

इंदूर
२७ जानेवारी

चि. मैत्रीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

वाद घालणारच. आम्ही म्हटलं की पाहुणी दाराबाहेर, आपण म्हटलं की पानावर. दोघांना एकच वी कसा पुरेल? काल नेमकी तिथेच गाडी अडली.

धम्मपालला दही आणायला पिटाळलं आणि कयलला म्हटलं, वी लिव्ह हिअर, वी आर हॅपी. पोरीचा चेहराच उतरला. आम्ही इथे सुखात आहोत, तुझं काय काम, असं तिने ऐकलं. मग पुन्हा वी म्हणत मी स्वतःकडे, धम्मपालच्या रिकाम्या खुर्चीकडे आणि शेवटी तिच्याकडे बोट केलं. ती हसली आणि म्हणाली, नाम.

मी ठणकावून सांगितलं, नाम नव्हे, प्रोनाऊन. ती आणखीच हसली. मग तिने सोप्या इंग्रजीत समजावलं की तमिळमध्येही दोन वी असतात. समोरच्याला वगळून म्हणायचं ते नांगळ, धरून म्हणायचं ते नाम. मी म्हटलं, आमच्यात त्याला आपण म्हणतात.

निघताना चपला घालत म्हणाली, नेक्स्ट संडे आपण मेक पोहे. क्रियापद बरोबर जागी होतं, पण माझं लक्ष पहिल्यांदा आपणवरच गेलं.

लोभ आहेच, आता तो आपणा तिघींचा असू दे.

तुझी,
यशोधराआत्या