मीठ कोणी घालायचं

आत्याबाई, तुम्हाला आठवत नसेलच. बंबात पाणी तापत ठेवून पलीकडच्या क्वार्टरमध्ये गप्पांना जाऊन बसणारी बाई तुम्ही. वर जाऊनही आता इतकी वर्षं झाली, आपण कोणाला काय कबूल केलं होतं ते कुठलं लक्षात राहायला. म्हणून मी सांगते आहे आणि नात लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही. सून म्हणून भोपाळला आणलीत तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, वाचून काय करायचंय, मिठाचा अंदाज आला म्हणजे झालं. ते मीठही पुढे धड एकीला दिलं नाहीत.

विषय निघाला नातीमुळे. ती एम. पी. नगरला कोचिंगला जाते. परवा जेवताना सांगत होती, परदेशात काही ठिकाणी राजाचा मुलगा आपोआप राजा होत नसे, सरदार बसून निवडायचे. सरदारांत फूट पडली की राजे दोन. एकाकडे खरा मुकुट, दुसऱ्याचा अभिषेक खऱ्या जागी, आणि दोघंही म्हणणार, राजा मीच. मी म्हटलं, हे शिकायला दोन बस बदलून जातेस? हे सगळं आपल्या मंडळाच्या स्वयंपाकघरात झालंय. तर म्हणते, "आजी, तू पण ना, कुछ भी." मग तिला मुळापासून सांगावं लागलं.

टाउनशिपच्या मराठी मंडळाचा गणपतीतला महाप्रसाद. पहिल्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या आत चुली पेटलेल्या असायच्या. नैवेद्य दाखवल्याशिवाय थेंबभरही चाखायचं नाही, म्हणून मीठ घालणारा हात एकच. ती बाई पाटावर बसणार, पातेल्याकडे बघणार, वाफेचा वास घेणार आणि मूठ सोडणार. बाकीच्यांनी नुसतं ढवळायचं. हा मान मरेपर्यंतचा, पण सासूकडून सुनेला आपोआप मिळणारा नाही. कारखान्यात सगळ्यांत आधी आलेली सात मराठी घरं, त्या सात घरांतल्या बायकांनी वाटीत सुपारी टाकून निवडायचं. तुम्ही अशाच निवडून आला होतात. सातपैकी सहा सुपाऱ्या, हे मला पोळ्या लाटताना इतक्यांदा ऐकवलंत की सातवी कोणाची नव्हती तेही पाठ झालं होतं.

मग जाताना नीट सांगून जायचं होतं ना. मला घरी जवळ बसवून महाप्रसादाच्या मिठाचा शिसवी डबा हातात दिलात, म्हणालात, "माझ्यामागे हे तुझं." आणि दवाखान्यात ग्वाल्हेरची बाई भेटायला आली, त्या सात घरांतलीच, मागच्या ओळीतल्या फोरमनची बायको, तर तिचा हात धरून म्हणालात, "मूठ तुलाच जमली, आता तूच बघ." डबा एकीला, मूठ दुसरीला. मला मूठ कधी शिकवलीच नाहीत, आत्याबाई. मी तुमच्या शेजारी इतकी वर्षं ढवळत उभी होते, आणि शिकवलीत तिला.

सुपाऱ्या पडल्या. एक घर रिटायर होऊन नागपूरला परतलेलं, म्हणून सहाच. तीन माझ्या वाटीत, तीन तिच्या. तुमच्या जागी बसून मी माझी सुपारी मलाच टाकली, तिनंही तेच केलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सेक्रेटरी म्हणाले, "दोघी मिळून करा ना, मिठाचं काय एवढं." बॉयलरवर एका वेळी दोन फोरमन ठेवाल का, असं त्यांना कोणी विचारलं नाही. झालं, दोन पाट मांडले गेले. एक चुलीच्या डाव्या हाताला, एक उजव्या. निम्म्या बायका तिला विचारून भाजी चिरतात, निम्म्या मला, आणि करोंदच्या मंडईतून आलेलं डाळीचं पोतं कोणी उघडायचं यावरून अर्धा तास जातो.

त्या पहिल्याच महाप्रसादाला वरण असं खारट झालं की पंगतीतले एक साहेब पहिला घास गिळून "वा" म्हणाले आणि दोन गडवे पाणी प्यायले. शेजारचे बंगाली, केरळवाले बिचारे समजले, मराठी वरण असंच असतं. नंतर स्वयंपाकघरात सगळ्या आम्हां दोघींभोवती उभ्या. तिला विचारलं, ती म्हणाली, "हो, मी घातलं." मला विचारलं, मी डब्याचं झाकण काढून दाखवलं. काठोकाठ भरलेला. ती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "जाऊ द्या वहिनी, माझीच मूठ मोठी पडली असेल." पदराला हात पुसला आणि गेली. परत मंडळाच्या स्वयंपाकघरात आली नाही. पुढे वीस-बावीस वर्षं मीठ मीच घातलं, कधी कमी, कधी जास्त.

आता त्या सात घरांतल्या आम्ही दोघीच उरलो. मंडळाचा महाप्रसाद कॅटररवाला करतो, तो चमच्यानं चाखूनच मीठ घालतो, देवही काही म्हणत नाही. ग्वाल्हेरची बाई दोन ओळी सोडून मुलाकडे असते. मागच्या महिन्यात पडली, आता अन्न जात नाही. काल नात बघायला गेली तर तिला म्हणाली, "तुझ्या आजीला सांग, थोडं वरण पाठव."

म्हणून तुमच्यावर चिडून हे पत्र लिहवायला बसले. सगळा दोष तुमचाच, असं शेवटी घालायचं ठरवलं होतं. पण तुम्ही तिथे रिकाम्याच बसला असाल तर हेही ऐका. त्या खारट वरणाच्या दिवशी मी वळले तेव्हा तिच्या मुठीला ओलं मीठ चिकटलेलं मला दिसलं होतं. घालून झालंय, हे मला कळलं होतं. ती आरतीला गेली आणि मी मिठाच्या पोत्यातून मूठभर घेऊन वरणात सोडलं. डब्याला हातही लावला नाही.

नातीनं पेन थांबवलंय. विचारते, आजी, हे टाकायचं कुठे. कुठे टाकणार, ठेव तांदळाच्या डब्याखाली आणि ऊठ. मऊ भात कर, साधं वरण कर, लिंबाची फोड घे, वर तूप सोड. वरणात मीठ घालू नकोस. शिसवी डबा सोबत ने, तिच्या हातात दे आणि म्हणावं, किती घालायचं ते तुम्हीच बघा. परत आणू नकोस.