मागच्या एक्सलचा लॉकर आणि आनंदरावमामांचे गुडघे

तीर्थरूप आनंदरावमामांच्या पायाशी, वेल्ह्याच्या वरच्या वाडीतनं भाचा अमृतचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे कसे हायेत? सुलक्षणामामींचं बीपी, इंद्रजितदादाचं हायवेवरचं दुकान आन शिवऱ्यातली तुमची भेंडी, सगळं ठीक असंल असं धरून चालतो. हिकडं आई बरी हाय, तुमची सून स्नेहल बरी हाय (माझ्याशी बोलत न्हाई, पण बरी हाय), म्हस आटलीय, भात पोटरीत आलंय. फोन सोडून पत्र लिवतोय म्हणून राग मानू नका. फोनवर जीपचं नाव काढलं की तुमी "रेंज गेली, रेंज गेली" म्हणता आन फोन ठेवता. मामा, तुमच्या अंगणातनं टॉवर दिसतो. म्हणून म्हणलं कागदावर लिवावं, तो मधीच बंद करता येत न्हाई.

तुमाला ठावं हायच, पण परत सांगतो. आमचं नवं घर बांधून दोन वर्षं झाली. रंग झाला, फरशी झाली, स्वयंपाकाचा कट्टा झाला, आन दाराला कुलूप हाय. आईचं म्हणणं, भावाच्या हातचा आहेर आल्याबिगर वास्तुशांत न्हाई, आन वास्तुशांतीबिगर आत पाऊल न्हाई. तवा आमी तिघं गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोपीत ऱ्हातो आन समोरच्या आपल्याच घराकडं पाहुण्यावाणी बघतो. स्नेहल दर शनिवारी दार उघडून, उंबऱ्याबाहेर उभी ऱ्हाऊन, लांब काठीला पोचा बांधून फरशी पुसते. काठी पोचते तिथवर फरशी लखलखीत, तिथनं पुढं दोन वर्षांची धूळ. (लांब काठी आणून देतो म्हणालो, तवापासनं ती बोलत न्हाई.) आन तुमी म्हणता, गुडघ्यांनी वाडीखालचा घोरपडीचा चढ चढवत न्हाई.

मामा, गुडघ्यांचा मान ठेवून बोलतो, पण खरं कारण गुडघे न्हाईत. पायाभरणीच्या दिवशी आपली जीप त्या चढावर अडकली, तुमी पुढं बसलेला होता, मागचं एक चाक भिंगरीसारखं फिरत बसलं आन दुसरं जागचं हललं न्हाई. तुमी खाली उतरून मागं बघायला गेलात तो सगळा चिखल तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर. त्यात आमची शेजारीण चंद्राबाई बोलली, "पावणं, तुमच्या जीपचा एक पाय नाचतोय आन तीन बसून बघत्यात." वाडी हसली. तुमी तसेच मागं फिरलात, वेल्ह्यापर्यंत चालत गेलात (गुडघे तवा होते) आन एसटीनं शिवऱ्याला. जीप तुमीच माझ्या वडलांना, आबांना दिलेली, "ही कुठंच अडायची न्हाई" असं चारचौघांत सांगून. लागलं तुमाला, त्यात खोटं काय. माझ्याही जिवाला ते लागून ऱ्हायलंय.

म्हणून यंदा ठरवलं, चढावर जीप अडूच द्यायची न्हाई, म्हंजे मामांना कारण उरणार न्हाई. भोरला भाटघरच्या रस्त्याला प्रशिक मिस्त्रीचं गॅरेज हाय, माणूस थोडं बोलतो पण बरोबर बोलतो. तो म्हणाला, लॉकर बसवा. तुमाला, नसरापूरच्या जुन्या मिस्त्रीला, म्या शिकवणं म्हंजे आगाऊपणा, पण आईला सांगितलं तसं सांगतो. मागच्या दोन चाकांच्या आसाच्या, म्हंजे एक्सलच्या, मधल्या गोळ्यात डिफरन्शियल असतं, ते ज्या चाकाला काम कमी त्यालाच जोर देतं. लॉकर बसला की दोन्ही चाकांना बरोबरीनंच फिरावं लागतं, एकानं फिरायचं आन दुसऱ्यानं बसायचं, हे बंद. आईनं ऐकून घेतलं. स्नेहल तिकडं तोंड करून म्हणाली, असला एक घरात पण बसवून घ्या. (दोन महिन्यांतलं हे तिचं पहिलं वाक्य.)

लॉकरात पण जाती असत्यात हे मला कुठं ठावं. एक हवेवर चालतो, त्याला वेगळा कॉम्प्रेसर लागतो. एक तारेनं ओढायचा. एक आपोआप लागतो, वळणावर कटाकटा वाजतो, पण त्याला काही जोडावं लागत न्हाई. प्रशिक म्हणाला, आपोआपवाला घ्या, मागंच बसवा, पुढं बसवलात तर स्टेअरिंग वळवायला दोन माणसं लागतील. म्या लगेच पुण्यातल्या एका दुकानाला फोन केला. त्यानं विचारलं, गाडी कुठल्या सालची? म्या आरसी बुकातलं साल वाचून दाखवलं, एकोणनव्वद. त्यानं एकोणनव्वदचा लॉकर पाठवला. तो बसंना. प्रशिकनं तो लॉकर हातात घेऊन फिरवला, आन म्हणाला, कागद एकोणनव्वदचा हाय, एक्सल न्हाई. जुन्या जीपला साल विचारायचं नसतं, उघडून बघायचं असतं. आतल्या मोठ्या चक्राचे, क्राऊनचे दात मोजा, त्याला फिरवणाऱ्या बारक्या पिनियनचे मोजा, आन चाकाकडं जाणाऱ्या दांड्याच्या, शाफ्टच्या टोकावरचे दाते मोजा, मगच दुकानाला तोंड दाखवा.

मोजले. क्राऊन त्रेचाळीस, पिनियन आठ. मग उजवं चाक काढून शाफ्ट ओढला, त्याचे दाते एकोणीस. म्या तीनदा मोजले. आईनं कुंकवाचा ठिपका लावून मोजले, एकोणीस. चंद्राबाई बिनबोलावता आली, तिनं मोजले, तिचे वीस आले, तिला चहा देऊन घालवली. एकोणीसचा लॉकर मागवला, जीप भोरला नेली. प्रशिकनं लॉकर बसवला, उजवा शाफ्ट आत सरकला, लोण्यात सुरी जावी तसा. डावा आत जाईना. बाहेर काढून बघतो तर डाव्याला दाते दहा.

मामा, प्रशिकनं हातातला शाफ्ट खाली ठेवला. जुनी डिफरन्शियल पुढ्यात घेऊन बसला. आत एक गिअर दहाचा आन एक एकोणीसचा, दोन वेगळ्या गाड्यांचे, एकमेकांत अडकवून चालवलेले. शेवटी म्हणाला, ही करामत कुणाची? म्या म्हणालो, कुणी जुना मिस्त्री असंल. (तुमचं नाव घेतलं न्हाई. पण झाकणाच्या आतल्या बाजूला छिन्नीनं "आनंदराव, नसरापूर" आन तारीख कोरलीय, ती त्यानं माझ्याआधी वाचली होती.) म्हणाला, ह्या माणसाचे पाय धरावेत का कान, ते ठरत न्हाई. मग तारीख परत वाचून म्हणाला, पण सव्वीस वर्षं चालवलंय हो त्यानं. खरं सांगतो, मला तवा तुमचा लई अभिमान वाटला आन थोडी लाज पण वाटली, दोन्ही बरोबरीनं.

तर विनंती एवढीच. एक शाफ्ट कुणी सुटा विकत न्हाई, तवा त्या एकोणीसच्या उजव्या शाफ्टाचा डावा भाऊ तुमच्या शेडात पोत्याखाली कुठंतरी पडलेला असणारच. तेवढा शोधून इंद्रजितदादाकडनं नसरापूरला पोचवावा, पुढचं आमी बघतो. मामींना नमस्कार, नातवंडांना गोड पापा. पत्र लांबलं, गुडघ्यांवर ठेवून वाचू नका.

तुमचा,
अमृत

ता. क. : शाफ्टाचं वर लिवलंय ते सोडून द्या. पत्र टाकायचं ऱ्हाऊन गेलं, तवर प्रशिकला साताऱ्याकडनं डावा शाफ्ट मिळाला, सोमवारी लॉकर बसला. काल पावसात घोरपडीचा चढ एका दमात चढलो, मागं तांदळाची तीन पोती आन वर चंद्राबाई. ती एक शब्द बोलली न्हाई. पत्र फाडून नवं लिवणार होतो, पण नुसतं "या" म्हणलं तर तुमी उत्तर देत न्हाई आन शाफ्ट म्हणलं की पुढं वाचता, म्हणून तसंच ठेवलं. रविवारी अकराला वेल्ह्याच्या स्टँडवर जीप घेऊन उभा ऱ्हातो. आहेराची काळजी करू नका, नुसते या.

आणखी ता. क. : आईनं पत्र वाचून घेतलं आन आता पुढ्यात बसून सांगतेय, तसंच लिवतो. "आनंदा, चंद्रीवर राग धरून तू गेला न्हाईस, हे मला पहिल्या दिवसापासनं ठावं हाय. चंद्री बोलली खरी, पण आधी हसले ती मी. तू वळून माझ्याकडंच बघितलंस. चार वर्षं झाली, ते तोंड माझ्या डोळ्यापुढनं जात न्हाई. चुकलं माझं. जीपनं ये न्हाईतर रांगत ये, कुलूप तू काढल्याबिगर घरात जायची न्हाई. पण परत हसणार न्हाई असं वचन मागू नकोस. तुझं तोंड चिखलानं भरलेलं बघून मला लहानपणीचा तू आठवलास रे, म्हणून हसले."