एका सुताचा फरक

तळोजा, रविवार सकाळ

प्रिय झैद,

आपल्या कटिंग मशीनचं गाईड अखेर बदललं. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू आईची तब्येत विचारतोस, मासळी कुठली आली ते विचारतोस आणि मी मुद्द्यावर यायच्या आत दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून देतोस. म्हणून आज गाळ्याचं शटर अर्धं ओढून, मशीनच्याच टेबलावर वही ठेवून बसलोय.

नवं गाईड मानसिंगने केलं. तो आपल्यापासून तिसऱ्या गाळ्यात फॅब्रिकेशन करतो, तू म्हसळ्याला गेल्यानंतर आला. तयार मिळणारं गाईड आपल्या जुन्या बिडाच्या टेबलाला बसेना, तेव्हा तो म्हणाला, मीच बनवून देतो. टेबलाच्या पुढच्या कडेला जाड चौकोनी पाइप लावलाय. ज्याला टेकवून फळी पात्यात ढकलतो ते गाईड त्यावरून एका बोटाने सरकतं आणि पुढचा एकच खटका दाबला की पात्याला समांतर बसतं. जुन्याचा ताप तुला माहीत आहे. पुढून आवळा, मग मागून आवळा, आणि मागून आवळताना पुढचं माप हललं की पुन्हा पहिल्यापासून. तू पुढे टेप धरायचास, मी मागे. एक फळी फाडायला दोन माणसं लागायची, आणि आपण त्यालाच पार्टनरशिप म्हणायचो.

बिडाला भोकं पाडायला अख्खा दिवस गेला. टेबल तडकलं तर काय, या धास्तीने मी दर दोन मिनिटांनी मानसिंगला थांबवत होतो. शेवटी त्याने मला चहा प्यायला बाहेर पाठवलं. मग प्लायचा तुकडा फाडून, त्याचं माप घेऊन मोजपट्टीचा काटा त्या मापावर आणला. पहिलं खरं काम करंजाड्याच्या एका किचनचं होतं. कपाटांची बारा दारं फाडली, एकावर एक रचली आणि कडेवरून अंगठा फिरवला. कुठेच अडला नाही. पन्नाशीला आलेला माणूस मी, पण दिवसभर सारखा जाऊन त्या थप्पीवर हात फिरवत होतो. आई डबा घेऊन सारसोळ्याहून आली होती, तिलाही दाखवली. "मना त्यातला काय कलत नाय," म्हणाली, "पन कोयत्यानं सुरमई कापल्यासारखा दिसतंय." मासळी विकून हयात गेलेल्या बाईकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळणार नाही. जाताना तिने तुझ्यासाठी सुकट बांधून ठेवायला सांगितली. म्हसळ्यात सुकट मिळते, हे ती अजून मान्य करत नाही.

एकंदर बरं चाललंय. काम भरपूर आहे, तुझ्या अमितावहिनीचा गुडघा आता बराच शांत आहे, आणि गाळ्यासमोरच्या कंपनीचा तो आंबट वास तू असतानाच्या मानाने निम्मा झालाय. तुझी आठवण येते ती मुख्यतः डिझाइनच्या वेळी. प्लायच्या पाठीवर पेन्सिलीने तू कपाट काढायचास तेव्हा दार कुठल्या बाजूला उघडेल ते आधी दिसायचं. मी अजून करतो आणि मग बघतो.

आता तुझ्या लेकीबद्दल, शायमाबद्दल. ती रविवारी हॉस्टेलवरून आमच्याकडे जेवायला येते, एवढंच तुला माहीत आहे. जेवल्यावर ती माझ्याबरोबर गाळ्यावर येते, हे मी तुला सांगितलेलं नाही. मशीनला हात लावायचा नाही, हा तू तिला घातलेला हुकूम मी पाळलाय. ती बघते, प्रश्न विचारते, आणि प्रश्न असे विचारते की मला उत्तर शोधावं लागतं. जुनं गाईड काढायचं ठरलं तेव्हा ती कॉलेजमधून बारीकसा फरकही दाखवणारं डायल गेज मागून घेऊन आली, म्हणाली, काढण्याआधी मापून ठेवू या, नवं किती सुधारलं ते कळेल. मी गाईड नेहमीसारखं आवळलं. आवळून झाल्यावर मागच्या टोकाला लाकडी हातोडीने हलकेच एक ठोका मारतो, तो मारायला गेलो. तिने मला थांबवलं. ठोका न मारता माप घेतलं आणि कागदावर लिहिलं. मागचं टोक पात्याच्या बाजूला झुकलेलं. बरोबर एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर.

तिने कागद माझ्यापुढे धरला. मग म्हणाली, "चाचा, हे असं असेल तर लाकूड पात्यात चिमटणार आणि उलटं अंगावर येणार. अब्बा कितीही जपून असते तरी." मी हातोडी खाली ठेवली. तिने विचारलं, "हे तेव्हाही असंच होतं?"

झैद, तेव्हाही असंच होतं. जुन्या शेडमधून आपण मशीन इथे आणलं, त्या वेळी टेम्पोतून उतरवताना गाईड माझ्या बाजूने सुटून लादीवर आपटलं. तू ड्रायव्हरशी बोलत होतास. संध्याकाळी मी ते बसवून पाहिलं तर आवळलं की मागून आत येत होतं. माझ्या लक्षात आलं. किचनची डिलिव्हरी डोक्यावर होती, रविवारी सरळ करून घेऊ असं मी ठरवलं आणि तुला सांगायचं राहिलं. राहिलं असं नाही. सांगितलं असतं तर तू काम थांबवलं असतंस, म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी प्लाय आणायला गेलो आणि तू एकटाच फळी फाडायला घेतलीस. लाकूड उसळलं, त्याच्याबरोबर तुझा डावा हात पात्यावर ओढला गेला.

हॉस्पिटलमध्ये तू शुद्धीवर आलास, पट्टीत बांधलेल्या हाताकडे पाहिलंस आणि म्हणालास, "माझंच लक्ष नव्हतं, जया." तेव्हाच बोलायला हवं होतं. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गप्प बसलो. तू ते वाक्य खदीजाभाभींना सांगितलंस, माझ्या आईला सांगितलंस, गाळ्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलंस, आणि दर वेळी मी बाजूला उभा होतो. मग दोन बोटं गेलेल्या हाताने मशीनवर उभं राहवत नाही म्हणून तू म्हसळ्याला जाऊन हार्डवेअरचं दुकान टाकलंस. दहा वर्षं मी त्याच गाईडला ठोका मारून, सरळ करत काम केलं. लोक विचारायचे, बदलत का नाहीस? बदललं असतं तर कशासाठी बदललं, हे कुणाला तरी सांगावं लागलं असतं.

शायमाला मी फक्त "हो" म्हटलं. बाकीचं आधी तुझ्या अब्बांना सांगतो, मग तुला, असंही म्हटलं. ती मशीनशेजारच्या स्टुलावर बसली आणि जे बोलली ते ऐकून मी पत्र लिहायचं ठरवलं. त्या दिवशी तिला ताप होता, नऊ वर्षांची होती ती. तुझं चित्त तिच्यात होतं म्हणून हात गेला, असं घरी बोललं जायचं. कुणी तिला दोष दिला नाही, पण तिने तो घेतला. "माझ्या तापामुळे अब्बांची बोटं गेली, असं मी धरूनच चालले होते," इतकं साधेपणाने म्हणाली, की मला तिच्याकडे बघवेना. डिप्लोमा झाल्यावर तिला वर्षभर इथे काम शिकायचंय. तिने तुला विचारलं होतं, आणि आपल्या घरात कुणाचं लक्ष थाऱ्यावर नसतं, मशीन आपल्यासाठी नाही, असं तू म्हणालास, हेही तिने सांगितलं. ते वाक्य तुझ्या तोंडी मी घातलंय. म्हणून तुला स्पष्ट लिहितो: त्या दिवशी तुझं लक्ष जागेवर होतं, मुलीच्या तापाचा काही संबंध नव्हता, आणि गाईड वाकडं आहे हे मला माहीत होतं. पुढच्या शनिवारी ती घरी येतेय. हे पत्र तिला वाचायला दे. तिला इथे पाठवायचं का, ते त्यानंतर तुम्ही दोघं ठरवा. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू एकट्याने ठरव. मी वाट बघीन, घाई नाही.

तुझाच,
जयदेव