भाच्याचा पिक्चर अन् माझ्या हातच्या बांगड्या

नाही जी कुंदाबाई, तुमच्या पोरावर कोणी करणी-बिरणी केली नाही. हाताचे केस त्यानं स्वतःच काढले, तेही माझ्या भुपेंद्रच्या दाढीच्या सामानानं. अन् बांगड्या चढवायले बसला होता तोही स्वतःच्याच मर्जीनं. काल तुम्ही फोनवर इचारलं तेव्हा मी "आवाज येऊन नाही राहिला" म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला खणखणीत येऊन राहिला होता. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, अन् मग माझं बोलणं तुमच्याच घरी नाही तर खालच्या किराणावाल्यालेही ऐकू जाते. म्हणून ही चिठ्ठी. एकटीनं वाचा, चष्मा लावून वाचा.

तर पहिले रामराम. तुमचे गुडघे कसे आहेत? मालकांची शुगर उतरली का, का अजूनही चोरून पेढे खाऊन राहिले? (खात असतील तर खाऊ द्या, माणूस जिता आहे तोवरच खाते.) इकडं सगळं बरं आहे. धान घरात आला, मंडईची जत्रा जोरात झाली, माझी प्रकृती तुमच्या पोराले पुरून उरेल इतकी चांगली आहे.

हिमांशु आला तो मंडईच्या दुसऱ्या दिवशी. संगं कॅमेरावाला चंद्रशेखर, नागपूरचा, अंगात नुसते खिसेच खिसे असलेलं जाकीट. अन् एक नटी. म्हणे, मामी, हा माझा पहिला पिक्चर, पुरा आपल्याच गावात काढतो. मी म्हटलं काढ बाबा. आता तुम्ही या गावच्या लेक, म्हणजे गावातला झाडून सारा माणूस त्याचा मामा, अन् भाच्याच्या पाया पडल्याबिगर आपल्याकडं कोणी कामाले हात लावते का? सकाळी शूटिंगले पोहोचलं का पहिले रांग. पाटील पाया पडून राहिले, सरपंच पाया पडून राहिले. चंद्रशेखरले वाटलं, हा तर भल्ला मोठा डायरेक्टर दिसते, अख्खं गाव पाया पडते! दुसऱ्या दिवशी तोही रांगेत उभा. बरं, पाया पडणाऱ्या मामावर ओरडायचं कसं? हिमांशु म्हणे, "मामा, जरा बाजूले व्हा ना, कॅमेऱ्यात येऊन राहिले." मामा बाजूले होत, अन् चुकलं म्हणून परत येऊन पाया पडत. सकाळचं ऊन दुपार होऊन जाये, अन् पिक्चर तिथंच.

नटीचं सांगायचं राहिलं. तिनं घरामागच्या सांदवाडीत धामण पाहिली. धामणच ती, गरीब जनावर, नटीच्या किंकाळीनं तीच पहिले पळाली. पण नटी दुपारच्या गाडीनं नागपूरले गेली ती गेलीच. तुमचा पोरगा ओसरीवर डोकं धरून बसला. मी त्याले कण्या-ताक दिलं तर माझ्याकडं असा पाहाये, जसा बैलबाजारात बैल पाहतात. म्हणे, "मामी, तूच कर ना." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी मी हो म्हटलं. मग इचारलं, का करायचं आहे?

गोष्ट अशी. एक बाई आहे. तिचा नवरा मरते. ती रडते. बाया येऊन तिच्या बांगड्या फोडतात, कुंकू पुसतात. पिक्चर खतम. मी म्हटलं, भाचेजी, एवढ्यासाठी तू पुण्याले शिकायले गेला होता? ही गोष्ट तर आपल्या गावच्या निम्म्या बाया तुले फुकट सांगतील. तर म्हणे, मामी, ह्याच गोष्टीले बक्षीस भेटते.

पण पहिल्या अर्ध्या पिक्चरमंधी नवरा जिता आहे. म्हणून खुशबूनं, माझ्या सुनेनं, मले हिरव्या बांगड्या भरल्या, माझ्या कोऱ्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं, अन् तिची लग्नातली साडी दिली. भुपेंद्रनं पाहिलं अन् ताट सरकवून उठला. म्हणे, "आई, लोक का म्हणतील?" मी म्हटलं, लोक सारे शूटिंग पाहायले बसले आहेत, जाऊन इचारून ये. गेला नाही. आता माझ्याशी खुशबूच्या तोंडानं बोलते. (मी उत्तर बकरीच्या तोंडानं देते.)

नवरा झाले केशोराव, देवळाजवळचे. स्वभाव तुम्हाले माहीत आहे, जिते असतांनी काही कामाचे नाहीत, पण मेल्यावर असे शोभले का पाहात राहावं! फक्त नाकावर माशी बसली का मढं शिंके. तिरडी बांधली, अंगावर पांढरं टाकलं, अन् हिमांशु म्हणे, "मामी, खरं रड. पार आतून." आता मले खरं रडायले सांगायचं म्हणजे का? मी असा हंबरडा फोडला का तलावाच्या पाळीपल्याडच्या टोलीवरच्या वस्तीत ऐकू गेला. तिथल्यांनी ओळखलं, गावात मयत झाली. अन् मयत झाली म्हटलं का रीत ती रीत, घरटी एकेक लाकूड खांद्यावर घेऊन माणसं निघाली. इकडं कॅमेरा चालू, अन् तिकडून लाकडांची ही रांग! चंद्रशेखर खुश होऊन हातानंच खुणा करे, का डायरेक्टरनं काय मस्त माणसं बोलावली आहेत. हिमांशुले पत्ता नाही का ही माणसं आहेत कोण.

तेवढ्यात केशोरावची रीता आली. तिले बोदलकस्याच्या सासरी कोणीतरी फोन केला होता, का तुझा बाप गेला. पोरगी जी रडत बसमधून उतरली, ती थेट तिरडीपाशी. अन् केशोराव तिरडीवर उठून बसून चहा पिऊन राहिले होते, कारण कट झाला होता. रीतानं बापाले पाहिलं, गळ्यात पडली, मग कप हिसकून फेकला अन् अशी एक ठेवून दिली पाठीत का तिरडीचा बांबूच कडकला. "मरायचं होतं त फोन कराचा ना पयले!" असं म्हणून मग हसायलेही लागली, रडायलेही लागली.

बरं, एवढ्यावर निभलं असतं. हिमांशु म्हणे, परत एकदा घेऊ. मागं वळून पाहाते तर माणूस नाही! सारा गाव तलावावर. मयतीले जाऊन आंघोळ केल्याबिगर घरी कसं जायचं? मेला नाही हे सगळ्यांले ठाऊक, पण तिरडी तर पाहिली ना डोळ्यांनी. ओल्या डोक्यानं सारे परत आले. चंद्रशेखर म्हणे, पहिल्या खेपेले माणसं कोरडी अन् दुसऱ्या खेपेले ओली, पिक्चरमंधी जमत नाही. मग वाळवत बसलो. वाळले, पुन्हा मयत झाली, पुन्हा सारे आंघोळीले. अन् ती लाकडं? मयतीचं लाकूड चुलीत जात नाही, परतही नेत नाहीत. ती सारी केशोरावच्या अंगणात रचली, वरून ताडपत्री टाकली. म्हणतात, आता कधीही बोलावणं आलं तरी माझी तयारी आहे.

आता बांगड्यांचं. बाया माझ्याभवती बसल्या, एकीनं मनगट धरलं, दुसरीनं दगड उचलला. कॅमेरा चालू होता. कुंदाबाई, मी उठली. कोणाले सांगितलं नाही, मनातही ठरवलं नव्हतं. मनगट सोडवून घेतलं अन् तलावाकडं चालू लागली. बाया बसल्या तोंड उघडं टाकून. पाळीवर जाऊन मी तोंड धुतलं, कुंकवाले पाणी न लागू देता धुतलं, अन् बसली. चंद्रशेखर माझ्या मागं-मागं कॅमेरा घेऊन आला होता. म्हणे, मामी, असा शॉट मी आजवर घेतला नाही. हिमांशु मागून ओरडत आला, माझ्या गोष्टीत असं नाही, पुसून टाक तो शॉट!

मी म्हटलं, भाचेजी, मयतीचं सोंग अजून पंधरा वेळा करते, तिरडीवर मीच झोपते. पण हातच्या बांगड्या फोडू देणार नाही. एकदा दिल्या तेवढं पुरे.

मग त्यानं दुसरे हात शोधले. म्हणे फक्त हातच दाखवतो, चेहरा मामीचा, हात कोणाचेही. सवाष्ण बाई हो कायले म्हणेल? नवरा जिता असतांनी कोण बांगडी फोडून घेईल? पोरींच्या आया झाडू घेऊन धावल्या. अन् बिननवऱ्याच्या साऱ्या जणी म्हणाल्या, बांगड्या भरून दे, भरून घेतो, फोडायचं नाव काढू नको. (तुमचा पोरगा जिथं जाये तिथून चहा पिऊन परत ये, हात काही भेटेना.) तेव्हा त्यानं आपलेच हात मोकळे केले. म्हणजे भादरले. पण त्याच्या पंजातून आपली बांगडी जाते का? अंगठ्यापाशी अडकली, मग साबण लावून काढली. तेच तुम्ही व्हिडिओ कॉलवर पाहिलं अन् घाबरल्या.

शेवटी त्यानं काय केलं माहीत आहे? माझ्या पाया पडायले आला! भाचा मामीच्या पाया! ते पाप कोणाले, मलेच ना? मी ओसरीवरून उडी मारली. मी पुढं, तो मागं, तुळशीभवती फेरे चालले, मी पाय वाचवून राहिली अन् तो वाकून राहिला. केशोराव काठी टेकत आले, "भाचाबुवा, पाप लागते, पाप!" म्हणून मधे पडले, अन् सवयीनं त्याच्याच पाया पडून गेले. भुपेंद्र त्या दिवशी पहिल्यांदा हसला. माझ्याशी सरळ बोलला, "आई, पाय पोटाशी घेऊन बस!" मी बसली. तेव्हापासून हिमांशु तलावावर बसून आहे. जेवते, पण माझ्या हातचं नाही, खुशबूच्या हातचं. (डाळ मीच करते, हे त्याले सांगू नका.)

भाच्याले नाही म्हणू नये, हे मलेही समजते. पण ह्या वेळी मी नाहीच म्हणते, अन् उद्याही नाहीच म्हणेन.

चिठ्ठी लांबली. मालकांले नमस्कार. नागऱ्याच्या महादेवाले बोललेला नवस पिक्चर पुरा झाल्याशिवाय फेडू नका.

तुमची वहिनी,
शामकला

ता. क. खरं काम हे आहे. तो शॉट अजून पुसला नाही, चंद्रशेखरनं लपवून ठेवला आहे. हिमांशु दुनियेत फक्त तुमचं ऐकते. त्याले फोन करा, स्पीकरवर टाकून करा, सगळ्या गोंदियाले ऐकू जाऊ द्या. म्हणावं, मामी उठून चालली तेच ठेव, तिथंच पिक्चर संपव. बक्षीस भेटलं तर त्याचं, नाही भेटलं तर मले शिव्या दे म्हणावं.

आणखी एक ता. क. तुमचे भाऊ गेले तेव्हा अंगणात माझं मनगट धरलं होतं ते तुम्हीच. मी दोष देऊन नाही राहिली, रीत होती, तुम्हीही रडून राहिल्या होत्या. म्हणूनच तुम्हाले सांगून राहिली. दुसरं कोणी सांगितलं तर हिमांशुले समजणार नाही.

शेवटचं. पिक्चर म्हणजे का, ते मले अजूनही समजत नाही, अन् समजून घ्यायचीही हौस नाही. भाचा अडला म्हणून मी हो म्हटलं, असं साऱ्या गावाले सांगितलं, तुम्हालेही तेच सांगणार होती. लबाडी आहे ती. मले कपाळाले कुंकू लावून एकदा आरशात पाहायचं होतं, म्हणून हो म्हटलं. पाहिलं. आता रोज लावते.