एस्वातिनीतला मी आणि माजलगावचा गुडघा

२ फेब्रुवारी, सकाळी ६
आज निघतोय. टार्गेट पूर्ण केलेल्या खत दुकानदारांना कंपनीने एस्वातिनीची टूर दिली आहे. आफ्रिकेतलं छोटं राज्य, तिथे अजून राजा आहे. टूर जोडीची आहे, पण शिवकांताला मी 'एकट्यालाच नेतात' असं सांगितलंय. लग्नाच्या बावीस वर्षांनी आठ दिवस कुणी 'तळलेलं खाऊ नका' म्हटलं नाही, तर काय बिघडतं? आपल्यालाही नेतील या आशेने तिने पासपोर्टसाठी बीडला दोन चकरा मारल्या होत्या, तेवढं टोचतंय. परत आलो की खरं सांगायचं. ठरलं. तिने दशम्या बांधून दिल्यात.

४ फेब्रुवारी
जोहान्सबर्गहून बसने सीमा ओलांडली. डोंगर, धुकं, गारठा. बसमध्ये सगळे जोडीने. कडा गावच्या विश्वेश्वरसेठच्या बायकोने, रुद्राणीवहिनींनी विचारलं, शिवकांताताई कावून न्हाई आल्या? तोंडातून निघून गेलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

५ फेब्रुवारी
डोंगर उतरलो तर एकदम उकाडा, आणि नजर जाईल तिथे ऊस. माजलगावचा माणूस इतक्या लांब येऊन ऊसच बघतोय. सगळ्यांनी उसात उभं राहून फोटो काढले.
वहिनी रोज चौकशी करतात. आज म्हणालो, फिजिओथेरपी सुरू झाली. अनुभव नसताना बरं जमलं.

६ फेब्रुवारी, संध्याकाळी
सकाळी इष्टलिंगाच्या पूजेत मन लागलं नाही. मग पारंपरिक वस्ती पाहिली. गवताच्या घुमटासारख्या झोपड्या, मध्ये गुरांचा गोठा. गाइड सिफो म्हणाला, आजीची झोपडी सगळ्यात मानाची, आत वाकून जायचं. आत बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. प्रत्येकाची बायको समोर बसली. माझ्यासमोर नुसती भिंत. सिफोने विचारलं, तुमची कुठे? वहिनींनीच हातवारे करून गुडघा समजावला. सिफोसुद्धा हळहळला. मला लाज वाटली, खरंच वाटली. उद्या सगळ्यांसमोर खरं सांगणार.

७ फेब्रुवारी
सांगणारच होतो, पण तिथल्या लोकांचा नाच सुरू झाला. आनंदाच्या वेळी कशाला? शिवकांतासाठी गवताची टोपली घेतली. सुंदर आहे. ही दिली की बरंचसं फिटेल.
जेवताना वहिनी म्हणाल्या, आमची सुकन्या माजलगावातच दिली हाय, तिला ताईंकडं धाडलंय. जेवण तसंच टाकून उठलो. घरी चार वेळा फोन लावला. चौथ्यांदा शिवकांता म्हणाली, पाहुणे आलेत, ठेवा.

१० फेब्रुवारी
घरी पोचलो. दारात चपलाच चपला. आत डाळिंबं, शहाळी, बिस्किटांचे पुडे. शिवकांता पलंगावर, गुडघ्याला पट्टी. सुकन्या येऊन गेली, तिच्यामागे गल्ली आली, मग सोयरे. टूर जोडीची होती हेही सुकन्येच्या तोंडूनच कळलं तिला. तीन दिवस अशी पडून आहे. स्वयंपाक शेजारच्या सुरेखाबाई करतायत.
सगळे गेल्यावर म्हणाली, चार माणसांत तुमी खोटे पडू नये म्हणून झोपले. भांडली असती तर बरं झालं असतं. टोपली बॅगेतून काढायची हिंमत झाली नाही.
मग तिने विचारलं, कोणता गुडघा सांगितलता? मी अंदाजानं डावा बांधलाय.
डावाच, म्हणालो. उजवा सांगितला होता. पण आता तिला आणखी त्रास कशाला.