शेजारचं मशीन

तीर्थरूप आईस, थोरल्याचा वाकून नमस्कार.

परवा सकाळी ध्यान आटोपून तुझ्या नातवाचा डबा घेऊन इस्पितळात गेलो. तो तिथं नर्स आहे ना, एका म्हाताऱ्याची दाढी करत होता.

"पोरा, गाल तरी ठेव!"

"आजोबा, गाल तुमचाच, दाढी तेवढी माझी!"

सारा वॉर्ड हसला. दारातच माझा ऊर भरून आला.

तो माझ्यासारखा शिंपी होईल म्हणून दुकानात माझ्या शेजारचं मशीन मी त्याच्यासाठीच झाकून ठेवलं होतं. ध्यानाला बसलो तरी मन तिथंच. बुद्धांनी समोरचा क्षण बघायला शिकवलं, मी उद्याचेच कपडे बेतत राहिलो.

पोरगा रात्रपाळीच्या जागरणानं थोडा वाळलाय, पण हसतमुख आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

काल त्या मशीनवर झाकलेलं कापड काढलं आणि नव्या कारागिराला तिथं बसवलं.

तुझा,
थोरला